न मिटलेल्या संपाचं रडणं

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा जो संप सुरू झाला, तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. वर्ष गेलं, दुसरं उलटलं. कुणी गावी जाऊन नांगर धरला, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कुणी मान खाली घालून मिळेल त्या पाळीला परत आत शिरला आणि पुष्कळांना आत घेतलंच गेलं नाही. संप फसला म्हणणारे काळाचौकीत भेटतात, संप फोडला म्हणणारे त्याहून जास्त भेटतात. संप मिटला, असं म्हणणारा माणूस मिळणं मात्र कठीण.

भावनांच्या विरेचनाची ओळख करून देताना सुरुवात ग्रीसमधून करायची रीत आहे. मी ती काळाचौकीतल्या दत्ताराम लाड मार्गावरून करतो आहे, कारण या विषयातली सर्वांत अडचणीची गोष्ट मला इथे दिसते. नाटकात, संगीतात, देवळात, दवाखान्यात माणसं मोकळी कशी होतात हे पुढच्या पानांत येईलच. पण लाखभर घरांवर दुःख कोसळलं आणि तरीही माणसं मोकळी झाली नाहीत, असं का होतं, हे आधी विचारायला हवं. माझं म्हणणं असं की मोकळं व्हायला दुःख असून भागत नाही. ते दुःख कुठेतरी संपलं आहे, निदान त्याचा एक टप्पा पुरा झाला आहे, हे चारचौघांनी मान्य करावं लागतं. गिरणगावाला ते कुणी मान्य करून दिलं नाही.

आता ग्रीसला जाऊन येऊ. विरेचनासाठीच्या ज्या ग्रीक शब्दावरून गेली काही शतकं इतकी शाई सांडली, तो अॅरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मध्ये शोकांतिकेच्या व्याख्येत, सहाव्या प्रकरणात, जाता जाता येतो. करुणा आणि भीती जागवून शोकांतिका या भावनांचं विरेचन घडवते, एवढं सांगून तो पुढे सरकतो. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात संगीताविषयी लिहिताना त्याने याचा खुलासा काव्यशास्त्रात करू, असं आश्वासन दिलं होतं. तो खुलासा आपल्या हाती आलेला नाही. मराठी वाचकाला ‘पोएटिक्स’ हा ग्रंथ विंदा करंदीकरांनी १९५७ मध्येच मराठीत आणून दिला, तरी आपल्याकडची चर्चा बरीचशी ‘करुणरसापासून आनंद कसा होतो’ या एकाच खुंटीला बांधून राहिली. मला त्या चर्चेपेक्षा अॅरिस्टॉटलची दुसरी अट महत्त्वाची वाटते. कथानकाला आदि, मध्य आणि अंत हवा, असं तो बजावून सांगतो. वाचताना हे इतकं उघड वाटतं की आपण पान उलटतो. पण प्रेक्षागृहातली रडणारी माणसं उठून घरी जाऊ शकतात ती या तिसऱ्या गोष्टीमुळे.

याचा पुरावा चाळीत मिळायचा. काळाचौकी, लालबाग, चिंचपोकळीत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली माणसं. प्रत्येक मजल्यावर दोन-चार गावं नांदायची. कुणी गेलं की त्या घरात चूल पेटायची नाही, शेजारून डाळभात यायचा. रात्रीच्या एसटीने निघालेली बहीण सकाळी उतरायची आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरच हेल काढायची. “अरे माझ्या भावा, तू माका टाकून खय गेलंस रे!” मग मजलाभर दारं उघडायची. गेलेल्या माणसाशी ती सरळ बोलायची: लहानपणी तू अमुक केलंस, माझ्या लग्नात तमुक दिलंस, गणपतीला येतो म्हणालास आणि आला नाहीस. त्यात जुनी भांडणंही निघायची, जमिनीच्या तुकड्याचीसुद्धा. बाकीच्या बायका तिला धरून बसायच्या, तिच्याबरोबर रडायच्या, आणि आपापल्या मेलेल्यांसाठीही त्यातच रडून घ्यायच्या. थोड्या वेळाने कुणीतरी वयस्क बाई म्हणायची, “पुरे आता, पाणी पी.” आणि ती थांबायची. पाच मिनिटांत तीच बहीण विचारायची, चाय ठेवली का कुणी.

शहरात शिकलेल्या नातवंडांना हा प्रकार नाटकी वाटायचा. होताच तो नाटकी, आणि म्हणूनच उपयोगी होता. कुठे सुरू करायचं, कोणाच्या खांद्यावर डोकं टेकायचं, कुणाच्या शब्दावर थांबायचं, हे सगळं ठरलेलं होतं. पुढे दहावा, बारावा, तेरावा. त्या दिवसांत रात्री भजनी मंडळ येऊन बसायचं, मृदंग लागायचा. तेराव्याला गोड खायला घालून घर पुन्हा माणसांत आणायचं. शोकाला तारखा होत्या.

रागालाही होत्या. शिमग्याला तोंडावर हात मारून बोंब ठोकायची, ज्याच्यावर वर्षभर दात त्याच्या नावाने दोन शिव्या हासडायच्या, आणि होळी विझली की त्याच माणसाला पुरणपोळीचं ताट द्यायचं. मुकादमाला, सावकाराला एरवी तोंडावर जे बोलता येत नाही, ते या एका रात्री बोलून घेण्याची मुभा होती. बायकांना शिमगा नव्हता, त्यांना जातं होतं. सासूला जे सांगायचं नाही ते पहाटे जात्याला सांगायचं. गी पॉत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या की दिसतं, माहेर, नवरा, दारिद्र्य, मेलेलं मूल यांच्याविषयीचं केवढं बोलणं त्या दगडापाशी झालेलं आहे. मुंबईत दळण पिठाच्या गिरणीतून यायला लागलं आणि बायकांचं ते जातं गेलं. त्या जागी चाळीच्या नळावर काय आलं, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

मोकळं होण्याविषयीची मला सर्वांत नेमकी वाटलेली समजूत ग्रीक नाही. ती विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीची आहे, आठव्या शतकातली. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम पंचवटीत परत येतो. जिथे सीतेबरोबर राहिलो ती झाडं, ती नदी पाहून त्याचा धीर सुटतो. तिथे भवभूती म्हणतो त्याचा आशय असा: तळं तुडुंब भरलं की पाण्याला वाट काढून देणं हाच उपाय, आणि शोकाने ढवळलेलं मन विलापानेच टिकून राहतं. आपल्या शेतकऱ्याच्या शब्दात तो सांडवा. सांडवा म्हणजे बांध फुटणं नव्हे. तो आधी बांधून ठेवावा लागतो, किती पातळीला पाणी सुटावं हे ठरवून. आणखी एक गोष्ट त्या अंकात आहे. राम रडतो तेव्हा सीता तिथेच, अदृश्य रूपात, ऐकत असते. त्याला ती दिसत नाही, प्रेक्षकाला दिसते. भवभूतीने रामाला एकट्याला रडू दिलेलं नाही.

हे ऐकणारं माणूस युरोपातल्या चर्चेत फार उशिरा आलं. १८५७ मध्ये याकोब बर्नाइस या जर्मन पंडिताने विरेचनाचा अर्थ थेट वैद्यकीय लावला, पोट साफ व्हावं तसं मन साफ होणं. त्याची पुतणी मार्था ही पुढे फ्रॉइडची बायको झाली. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं उन्मादाच्या रोग्यांवरचं पुस्तक आलं आणि दडपलेली आठवण भावनेसकट डॉक्टरसमोर बोलून टाकली की लक्षण जातं, ही कल्पना सर्वदूर पसरली. पुढे फ्रॉइडचं स्वतःचं त्यावर समाधान राहिलं नाही, पण लोकांनी मात्र ती कल्पना घट्ट धरून ठेवली. आजही कुणी रागावलं की आपण म्हणतो, काढू दे एकदा मनातलं. पैसे भरून भांडी, बाटल्या, जुने टीव्ही फोडायच्या खोल्या मोठ्या शहरांतून निघाल्या आहेत.

याबाबतीत मी अॅरिस्टॉटलचा नाही, त्याच्या गुरूचा आहे. प्लेटोचा आक्षेपच असा होता की रंगभूमी आपल्यातल्या रडक्या, चिडक्या भागाला खाऊ घालते, त्याने तो भाग पुष्ट होतो. रागाच्या बाबतीत म्हातारा खरा ठरला. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चिडवलेल्या विद्यार्थ्यांना बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ज्यांनी ठोसे मारले, त्यांचा राग नुसत्या स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. काळाचौकीला हे प्रयोगशाळेतून कळायची गरज नव्हती. १८ ऑगस्ट १९८२ ला, संपाच्या आठव्या महिन्यात, मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं. गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. गिरणगावाचा एवढा राग त्याआधी क्वचितच बाहेर पडला असेल. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंदच होत्या, वाण्याची उधारी तेवढीच होती, आणि घरातला पुरुष आदल्या दिवसापेक्षा जास्त चिडका झाला होता.

संप का मिटला नाही, याचं एक कोरडं, कायद्याचं कारण आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने या उद्योगात वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार गेले संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे, मान्यता राहिली संघाकडे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे माणसं नाहीत, आणि ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी बोलायचं नाही. म्हणजे हा संप सुरू करता येत होता, पण कायद्याच्या नजरेत तो संपवू शकेल असा माणूसच नव्हता. (परळहून काळाचौकीकडे येणारा रस्ता त्याच संघाचे पुढारी गं. द. आंबेकर यांच्या नावाचा. संपकरी आयुष्यभर त्याच रस्त्याने ये-जा करत राहिले, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मुंबईत रस्त्यांची नावं वाचायची नसतात.)

माणूस मेला असता तर तेराव्याला सुटका होती. गिरणी मेली आहे हे मात्र कुणी सांगत नव्हतं. ती ‘बंद’ होती, ‘आजारी’ होती, ‘पुन्हा सुरू होणार’ होती. त्रासन खात्यात वीस वर्षं काढलेला माणूस रोज सकाळी दाढी करून गेटपर्यंत जाऊन यायचा. बोलावणं येईल म्हणून गावी जायचं टाळायचा. घरातल्यांनी रडावं तर अपशकुन. हसावं तर कसल्या आनंदावर? अशा दुःखाला सुतक नसतं. त्यातून माणूस गप्प होतो, पितो किंवा मुलांवर हात टाकतो, आणि त्या मुलांना गल्लीत टोळ्या उभ्याच असतात.

त्या काळात ऐकून घेण्याचं बरंचसं काम खानावळवाल्या बायकांवर पडलं. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना महिनेवारी जेवण घालणाऱ्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. गिऱ्हाइकाचा पगार थांबला की त्यांचाही थांबायचा, पण पानावरून उठवायचं कसं? ताट वाढता वाढता त्यांना कळायचं, कुणाच्या घरून पत्र आलं, कुणाची बायको माहेरी गेली, कोण दोन दिवस आलेला नाही. मानसोपचाराच्या इतिहासात या बायकांचं नाव येणार नाही. यायला हवं, असं मला गंभीरपणे वाटतं.

मोकळं होणं ही चांगलीच गोष्ट आहे, हे गृहीत धरून मी इथपर्यंत आलो. गिरणगावातल्या एका पिढीने ते कधीच मान्य केलं नसतं. लाल बावटा कलापथकाच्या अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांना प्रेक्षक हलका होऊन घरी जायला नकोच होता. भरलेला जायला हवा होता, म्हणजे तो सकाळी मोर्चाला येईल. जर्मनीत ब्रेख्टचा अॅरिस्टॉटलच्या नाट्यकल्पनेवर हाच आक्षेप होता: रडून झालं की माणूस विचार करायचा थांबतो. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. तिची सुरुवात होते मुंबईत आलेल्या आणि बायको गावी सोडलेल्या माणसाच्या विरहाने, ज्याचा अनुभव समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला होता. डोळ्यांत पाणी उभं राहतं न राहतं तोच ती विरहाची गोष्ट महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाची होते. शाहीर पाणी वर चढू देतो आणि सांडव्याच्या तोंडाशी आल्यावर दुसरीकडे वळवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पाणी कामाला आलं आणि १ मे १९६० उजाडला. ब्रेख्टपेक्षा अण्णा भाऊ मला या बाबतीत शहाणे वाटतात, कारण ब्रेख्ट रडण्याकडे संशयाने पाहतो आणि अण्णा भाऊ आधी रडवतात.

पण ही युक्ती चालते ती जिंकण्याची आशा असेल तोवर. १९८२ नंतर अडलं ते इथेच. गाणी सगळी लढ्याची होती. हरल्यावर म्हणायचं काय, हे कलापथकांनी शिकवलेलंच नव्हतं.

त्यासाठी पंधरा वर्षं थांबावं लागलं. १६ जानेवारी १९९७ ला दत्ता सामंतांचा पवईत खून झाला, आणि त्याच वर्षी गिरणगावातच वाढलेल्या जयंत पवारांचं ‘अधांतर’ रंगभूमीवर आलं. नाटकात ना मोर्चा दिसतो, ना गेट, ना सामंत. एका खोलीत धुरी कुटुंब आहे: आई आणि तिची मोठी झालेली मुलं. एकाला लेखक व्हायचंय, एक क्रिकेटच्या नादात, नरू टोळीच्या वाटेला लागलेला, मुलगी मंजू घरातून सुटायची वाट पाहणारी. सगळे सतत एकमेकांवर ओरडत असतात. पहिल्या अंकात प्रेक्षक त्या भांडणांना हसतो, कारण शब्द आपल्याच घरातले असतात. हसता हसता कधीतरी लक्षात येतं की ही माणसं ज्याच्यावर ओरडतायत तो त्या खोलीत नाहीच. पवारांनी जे केलं ते मला चाळीतल्या त्या बहिणीच्या जवळ जाणारं वाटतं. त्यांनी गेलेल्या गोष्टीशी सरळ बोलायला सुरुवात केली, जुन्या भांडणांसकट. आणि शेवटी पडदा पाडला. गिरणगावाच्या गोष्टीला ‘इथे एक अंक संपला’ असं सांगणारं ते पहिलं माणूस, असं मी मानतो. कामगार आयुक्त नव्हे, न्यायालय नव्हे, नाटककार. २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. त्यात हिंसा पुढे आली आणि खोली मागे पडली, हे माझं मत. ते खोडायला वाचक मोकळा आहे.

नाटकाला खोली लागते तसं प्रेक्षागृहही लागतं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातलं. कामगार रंगभूमी, दशावतार, नमन, डबलबारी भजनं, गावच्या मंडळांची नाटकं, सगळं तिथे झालं. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री तिथे राजाचा मुकुट घालायचा आणि समोर त्याच्याच खात्यातली माणसं बसलेली असायची. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं, कलावंतांनी त्यावर आवाज उठवला. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा बहुतेक आसनसंख्येची झाली. मला वाटतं, तिकीट परवडेल अशी, घरापासून चालत जाता येईल अशी, आणि रडताना शेजारचा ओळखीचा निघेल अशी जागा जाणं हा आसनांच्या हिशेबात न बसणारा तोटा आहे.

लिहिणं, सांगणं यालाही थोडी जागा द्यायला हवी. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत बोचऱ्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं. लिहिताना ते अधिकच कष्टी झाले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. फायदा अधिक झाला तो घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही सांगणाऱ्यांना. नुसता उमाळा पुरत नाही, त्याला हकीकत लागते. म्हणजे पुन्हा आदि, मध्य, अंत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये या भागाचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला, पुढे तो मराठीतही आला. त्यातली माणसं पत्री सरकारपासून परळच्या मॉलपर्यंत सलग बोलतात. त्यांना बोलताना काय वाटलं हे पुस्तकात नाही, पण वाक्यं लांबत जातात, तारखा अचूक होत जातात, हे वाचताना दिसतं.

आज काळाचौकीत इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारायचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे. संग्रहालय म्हणजे गोष्ट संपल्याची सरकारी कबुलीच. दुसरीकडे घरांसाठी अर्ज केलेले दीड लाखाहून अधिक कामगार आणि त्यांचे वारस आहेत, त्यांतल्या थोड्यांनाच घर मिळालं आहे, आणि बाकीच्यांचे मोर्चे आझाद मैदानावर अजून जातात. एकाच पत्त्यावर गोष्ट संपलीही आहे आणि चालूही आहे. अॅरिस्टॉटलला असं कथानक मंजूर झालं नसतं. सोफोक्लीसचा ईडिपस, नाशिकच्या रानातला राम, व्हिएन्नातल्या रोगी स्त्रिया हे सगळे पुढे भेटतील आणि त्यांच्या गोष्टी बऱ्याच सुबक आहेत. त्या वाचताना दर वेळी दोन प्रश्न विचारून पाहावेत, असं मी सुचवेन: हा शोक संपला असं इथे कोण ठरवतं, आणि तो ऐकायला खोलीत दुसरं कोण आहे? ग्रीक नाटकांत याचं उत्तर कोरस देतो, म्हणून पहिलं प्रकरण त्याच्यापासून सुरू होतं.